फायनल इयरचा सिव्हिल प्रोजेक्ट: टॉपिक शोधू नका, एक खरी बिल्डिंग शोधा

दरवर्षी जून-जुलै आला की कॉलेजच्या ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, "ताई, प्रोजेक्टला टॉपिक सुचवा ना." मी पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे (गज घातलेल्या काँक्रीटच्या बिल्डिंगांचं डिझाईन करणाऱ्याकडे) काम करते, बीई सिव्हिल इथूनच केलंय, माझं फायनल इयर २०१८-१९ चं. एकेकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या बॅचलाही हेच पाठवता येईल.

माझं म्हणणं एकच आहे. जिच्यात तुम्ही स्वतः फिरू शकता, जिची ड्रॉइंग्ज तुमच्या हातात येऊ शकतात, अशी एक खरी बिल्डिंग घ्या. पहिलं सेमिस्टर ती आहे तशी का आहे हे समजून घेण्यात घालवा आणि दुसऱ्या सेमिस्टरला तिच्यात एकच गोष्ट बदला आणि त्या एका बदलाने काय काय हलतं ते शेवटपर्यंत मोजत जा. बस. "जी प्लस २० चं इटॅब्समध्ये अॅनालिसिस", म्हणजे तळमजला अधिक वीस मजल्यांची बिल्डिंग स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरवर तपासणं, हा टॉपिक दरवर्षी प्रत्येक कॉलेजात चार ग्रुप घेतात, ती बिल्डिंग कुठेच नसते, तिचा प्लॅन चौकोनी असतो, कॉलम ४ मीटरवर छान ओळीत असतात, आणि म्हणून तिच्यातून शिकायला फार थोडं मिळतं.

ही पद्धत मी काढलेली नाही. अमेरिकेत आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग अशी वेगळी ब्रँच असते, म्हणजे बिल्डिंगचं स्ट्रक्चर, एसी, लायटिंग, बांधकामाचं मॅनेजमेंट हे सगळं एकाच छपराखाली शिकवतात. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत हा पाच वर्षांचा कोर्स आहे आणि शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने मालकाची परवानगी काढून एक खरी बिल्डिंग घ्यायची असते. पहिल्या सेमिस्टरला आहे त्या सिस्टीमवर टेक्निकल रिपोर्ट, मग नवीन काय करणार त्याचं प्रपोजल, दुसऱ्या सेमिस्टरला एक मुख्य विषय खोलात आणि दोन जोडविषय वरवर, आणि एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. आपल्याकडे ही ब्रँच फारशी नाही, पण पुणे युनिव्हर्सिटीच्या सातव्या सेमला प्रोजेक्ट स्टेज वन आणि आठव्या सेमला स्टेज टू असते ना, त्यात हा साचा अगदी बरोब्बर बसतो. फक्त आपल्याकडे तीन-चार जणांचा ग्रुप असतो, त्यामुळे जोडविषय वाटून घेता येतात, हा आपला फायदाच आहे.

आता बिल्डिंग कुठून आणायची. सगळ्यात सोपं म्हणजे तुम्ही राहता ती सोसायटी किंवा ओळखीतल्या कुणाची सोसायटी, नाहीतर तुमच्याच कॉलेजची एखादी बिल्डिंग, तिची ड्रॉइंग्ज इस्टेट ऑफिसमध्ये पडलेली असतात आणि गाईड सरांनी शब्द टाकला तर मिळतात. नवीन प्रोजेक्ट हवा असेल तर महारेराच्या साईटवर मंजूर प्लॅन, कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायची परवानगी) हे सगळं कुणालाही बघता येतं, त्यावरून निदान प्लॅन कसा आहे, कितपत अवघड आहे याचा अंदाज येतो. पण आरसीसी ड्रॉइंग तिथे मिळत नाहीत, ती मालकाकडून किंवा कन्सल्टंटकडूनच घ्यावी लागतात. साईज फार मोठी घेऊ नका. स्टिल्ट (खाली खांबांवरचं मोकळं पार्किंग) अधिक सात-आठ मजले, एका मजल्याचं क्षेत्र तीनशे-चारशे चौरस मीटर, एवढी बिल्डिंग वर्षभर पुरून उरते. टॉवर घ्यायचा मोह होतो, माहितीये, पण आयएस १६७०० हा उंच बिल्डिंगसाठीचा कोड (डिझाईनची भारतीय नियमावली) आहे, तो ५० मीटरच्या वर लागू होतो आणि तिथे जे प्रश्न येतात ते बीईच्या एका वर्षात नीट सुटत नाहीत.

परवानगी लेखी घ्या. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आमच्या ग्रुपने आधी एका बिल्डरच्या चालू साईटवरची बिल्डिंग धरली होती, ऑफिसमधल्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं, आर्किटेक्टचे प्लॅनसुद्धा दिले, आम्ही खूश. गणपती झाले आणि ते साहेब नोकरी सोडून गेले, नवीन आलेल्यांनी सांगितलं की आमची ड्रॉइंग्ज बाहेर देता येणार नाहीत. त्यांचंही बरोबरच होतं, कागदावर काहीच नव्हतं. आमचे सहा आठवडे गेले. मग मैत्रिणीचे काका एका सोसायटीचे चेअरमन होते, २०११ मध्ये पूर्ण झालेली बिल्डिंग, स्टिल्ट पार्किंग आणि वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. पत्रात आम्ही चारच गोष्टी लिहून घेतल्या होत्या: ड्रॉइंग्ज फक्त अभ्यासाला वापरू, रिपोर्टमध्ये सोसायटीचं नाव येणार नाही, फोटो काढताना घरांचे आतले भाग विचारून घेऊ, आणि रिपोर्टची एक कॉपी सोसायटीला देऊ. तुम्हीही एवढंच करा, कॉलेजचं पत्र सोबत जोडा, आणि हे सगळं गणपतीच्या आधी संपवा.

ड्रॉइंग्ज मिळाली की एक गोष्ट लक्षात येईल, ती एकमेकांशी जुळत नाहीत. महापालिकेने मंजूर केलेला प्लॅन वेगळा, साईटवर वापरलेलं वर्किंग ड्रॉइंग वेगळं, आणि प्रत्यक्षात बांधलंय ते तिसरंच. त्यामुळे पहिल्या महिन्यात टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा. डिस्टो (लेझरने अंतर मोजायचं यंत्र) मिळालं तर उत्तम, नाहीतर ५ मीटरचा टेप आणि एक वही. स्टिल्टमध्ये सगळे कॉलम उघडे दिसतात, तिथून सुरुवात करा, प्रत्येक कॉलमला ग्रिडचं नाव द्या, मोजलेली साईज आणि ड्रॉइंगवरची साईज शेजारी शेजारी लिहा. प्लास्टर दोन्ही बाजूंचं वजा करायला विसरू नका, आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि सगळे कॉलम ३०-४० मिमीने मोठे आले. मग गच्चीवर जा, पाण्याची टाकी किती मोठी, कशावर उभी आहे, लिफ्टची मशीन रूम कुठे आहे. मग जिन्याने खाली येताना प्रत्येक मजल्यावर थांबून बघा की बीम कुठून कुठे जातोय. वरच्या मजल्यावरच्या भिंतीचं वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरतं, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. एखादा कॉलम स्टिल्टपर्यंत पोचतच नाही, मध्येच बीमवर बसलाय, असं दिसलं तर तो फ्लोटिंग कॉलम, आणि तुमच्या रिपोर्टचं एक आख्खं प्रकरण तिथेच तयार आहे.

सॉईल रिपोर्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. पुण्यात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि मग काळा कातळ लागतो, त्यामुळे साधे आयसोलेटेड फुटिंग (प्रत्येक कॉलमखाली सुटा पाया) चालून जातात. विदर्भ-मराठवाड्याकडची मुलं असाल आणि काळ्या मातीवरची बिल्डिंग घेतली असेल तर फाउंडेशन हाच मुख्य विषय करा, ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते, हे तुम्ही लहानपणापासून घरात बघितलेलं असतं.

आता कोड. कुठल्या कोडची कुठली आवृत्ती धरलीय ते रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहून टाका आणि गाईडची सही घ्या, कारण कोड बदलत राहतात आणि वर्षाच्या मध्यात आवृत्ती बदलली की सगळी आकडेमोड परत करावी लागते. आम्ही धरलेले असे: काँक्रीटसाठी आयएस ४५६:२०००, लाइव्ह लोडसाठी (माणसं-सामानाच्या वजनासाठी) आयएस ८७५ भाग २, वाऱ्यासाठी भाग ३ ची २०१५ ची आवृत्ती, भूकंपासाठी आयएस १८९३:२०१६ आणि डक्टाईल डिटेलिंगसाठी (भूकंपात फ्रेम एकदम न तुटता वाकावी अशा गजांच्या मांडणीसाठी) आयएस १३९२०:२०१६. पुणे तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात झोन तीनमध्ये, कोयनेचा परिसर झोन चारमध्ये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या राज्याने बघितली तिथे भूकंपाचं प्रकरण दोन पानांत उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एका कागदावर हाताने हिशोब करा. हा भाग नीट वाचा, कारण आमचा प्रोजेक्ट याच कागदाने वाचवला. आमची बिल्डिंग प्लॅनमध्ये साधारण १६ बाय २२ मीटर, म्हणजे मजल्याला ३५० चौरस मीटर, उंची २४ मीटर, एकूण आठ स्लॅब. लाल विटांच्या भिंती असलेल्या राहत्या आरसीसी बिल्डिंगचं वजन ढोबळमानाने चौरस मीटरला १२ किलोन्यूटन धरतात, भिंती, स्लॅब, बीम, कॉलम, फ्लोअरिंग सगळं धरून. म्हणजे ३५० गुणिले ८ गुणिले १२, झाले ३३,६०० किलोन्यूटन. भिंती भरलेल्या फ्रेमचा टाईम पिरियड (बिल्डिंगला एकदा डोलायला लागणारा वेळ) कोडप्रमाणे ०.०९ गुणिले उंची भागिले रुंदीचं वर्गमूळ, १६ मीटरच्या दिशेने तो आला ०.५४ सेकंद. मध्यम मातीसाठी ०.५५ सेकंदांपर्यंत एसए बाय जी (धक्क्याने बिल्डिंग किती जोरात हलते तो गुणांक) २.५ असतो, म्हणजे आम्ही जेमतेम सपाट भागात. मग झोन तीनचे ०.१६, त्याचं निम्मं, आर (फ्रेमच्या लवचिकतेची सवलत) ५, इम्पॉर्टन्स फॅक्टर (बिल्डिंगचं महत्त्व) १ धरून आडवा गुणांक आला ०.०४. म्हणजे बिल्डिंगच्या वजनाच्या चार टक्के, १,३४४ किलोन्यूटन बेस शियर (भूकंपात पायथ्याशी येणारा एकूण आडवा जोर). पंधरा मिनिटांचं काम.

मग इटॅब्सचं मॉडेल केलं, रन केलं, सगळं हिरवं, चेहरे खुलले. एकूण वजन बघितलं तर ४४,३०० किलोन्यूटन. आमच्या कागदापेक्षा १०,७०० जास्त. ढोबळ हिशोबात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं, पण इथे तीस टक्क्यांच्या वर. दोन दिवस आम्ही भिंतींचे लोड तपासत बसलो, काही सापडेना. मग ग्रुपमधल्या एकाने फरकालाच एकूण क्षेत्राने भागून बघितलं, १०,७०० भागिले २,८०० चौरस मीटर, आलं ३.८. आमचा स्लॅब १५० मिमीचा, काँक्रीट घनमीटरला २५ किलोन्यूटन, ०.१५ गुणिले २५ म्हणजे ३.७५. लगेच कळलं. डेड लोड केसला सेल्फ वेट मल्टिप्लायर १ ठेवलेला होताच, म्हणजे स्लॅबचं स्वतःचं वजन सॉफ्टवेअर आपणहून धरत होतं, आणि वर आम्ही स्लॅबचं वजन वेगळं म्हणून पुन्हा ३.७५ टाकलं होतं, स्लॅब दोनदा मोजला गेला होता. हा कागद नसता तर ती चूक थेट फाउंडेशनपर्यंत गेली असती आणि एकाही एरर मेसेजशिवाय गेली असती.

म्हणून हाताचे हिशोब चार तरी ठेवाच: एकूण वजन, बेस शियर, एका मधल्या कॉलमवरचा लोड त्याच्या वाट्याच्या क्षेत्रावरून, आणि एका बीमचा मोमेंट (त्याला वाकवणारा जोर). प्रत्येकाशेजारी इटॅब्सचा आकडा लिहा आणि फरक का आला त्याचं एक वाक्य. मॉडेलमध्ये आणखी दोन-तीन ठिकाणी सगळेच घसरतात ते सांगून ठेवते. मास सोर्समध्ये (भूकंपासाठी धरायच्या वजनात) लाइव्ह लोड चौरस मीटरला ३ किलोन्यूटनपर्यंत असेल तर २५ टक्केच घ्यायचा. बीम आणि कॉलमचे क्रॅक्ड मॉडिफायर (तडे गेल्यावर ताठरता कमी होते ते धरणारे गुणक), बीमला ०.३५, कॉलमला ०.७०, हे टाकल्याशिवाय ड्रिफ्ट (एक मजला खालच्यापेक्षा किती आडवा सरकतो ते) बघू नका, आणि ड्रिफ्टची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मीटरला १२ मिमी. रिस्पॉन्स स्पेक्ट्रमचा (बिल्डिंगची कंपनं धरून काढलेला) बेस शियर स्टॅटिकपेक्षा (कोडच्या साध्या सूत्रापेक्षा) कमी आला तर स्केल करायचा, हे तर व्हायवाला विचारतातच. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पेन ड्राईव्हवरून घेऊ नका, कॉलेजच्या लॅबचं लायसन्स वापरा, लॅब संध्याकाळी उघडी ठेवायची विनंती एचओडींना केली तर सहसा मान्य होते.

वारा सोडून देऊ नका. पुण्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईचा ४४. आमच्या २४ मीटर उंचीला वाऱ्याचा जोर भूकंपाच्या साधारण निम्म्याच्या आसपास आला, म्हणून भूकंपच गव्हर्न करतो, म्हणजे डिझाईन भूकंपावरच ठरतं, असं लिहून पुढे गेलो, पण आधी मोजलं. इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. न्यूयॉर्कमध्ये सिटीकॉर्प सेंटर नावाचा ५९ मजली टॉवर १९७७ मध्ये उभा राहिला, त्याचे खालचे जाडजूड खांब कोपऱ्यांना नव्हते, चारही बाजूंच्या मधोमध होते. १९७८ मध्ये प्रिन्स्टनमधल्या डायन हार्टली नावाच्या विद्यार्थिनीने तिच्या शेवटच्या वर्षाच्या थिसिसला हाच टॉवर घेतला होता, आणि वारा समोरून न येता तिरका, कोपऱ्यावरून आला तर काय होतं हे तिने मोजलं, तर स्ट्रेस वाढलेला दिसला. तिने विचारलं तेव्हा तिला ठीक आहे असं सांगण्यात आलं. त्याच वर्षी टॉवरचे इंजिनिअर विल्यम लमेझुरिए यांनी पुन्हा हिशोब केला, जॉइंट वेल्डऐवजी बोल्टचे केले होते हेही त्यांना कळलेलं होतं, आणि मग रात्री रात्री त्या जॉइंटवर स्टीलच्या प्लेटा वेल्ड केल्या गेल्या. लोकांना हे सगळं १९९५ मध्ये कळलं. नेमक्या कुठल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने ते जागे झाले यावर वाद आहे, पण एका थिसिससाठी खरी बिल्डिंग घेऊन खरा प्रश्न विचारला गेला होता एवढं नक्की.

तर प्रश्न. दिवाळीच्या आत पहिला भाग संपवा आणि स्टेज वनच्या रिव्ह्यूला एक वाक्याचा प्रश्न घेऊन उभे राहा. आमचा प्रश्न असा होता: जुन्या कोडने २३० मिमी रुंद कॉलम घेऊन बांधलेली ही बिल्डिंग आजच्या कोडने डिझाईन केली असती तर काय काय बदललं असतं? त्याचं कारण सोसायटीतल्या बेडरूममध्ये उभं राहिल्यावर दिसतं. नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिमी, आणि कॉलम त्या भिंतीत असा लपवलेला की कपाट सरळ बसावं. १९९३ च्या आयएस १३९२० मध्ये, बीमचा स्पॅन ५ मीटरच्या आत आणि कॉलमची उंची ४ मीटरच्या आत असेल तर २०० मिमीपर्यंत चालायचं. २०१६ च्या कोडमध्ये कमीत कमी ३०० मिमी, किंवा त्या जॉइंटमध्ये येणाऱ्या बीमच्या सगळ्यात जाड गजाच्या व्यासाच्या २० पट, यातलं जे जास्त ते. आता बघा, बीमला १६ मिमीचा गज असेल तर २० पट म्हणजे ३२०, २० चा असेल तर थेट ४००. म्हणजे कॉलमची साईज बीममधल्या गजावर अवलंबून झाली. आम्ही कॉलम ३०० ठेवला आणि बीममध्ये १२ चे गज घ्यायचं ठरवलं.

यातून धागे कसे निघतात ते बघा, कारण दुसरं सेमिस्टर म्हणजे हेच. कॉलम ७० मिमीने जाड झाला, ६०० मिमी लांबीला ते ०.०४२ चौरस मीटर, २८ कॉलम आणि सात मजले मिळून आठेक चौरस मीटर जागा घरांमधून गेली. स्टिल्टमध्ये दोन कॉलमच्या मध्ये गाडीचा अडीच मीटरचा बे होता, तिथे दोन ठिकाणी दार उघडायला जागा उरेना, म्हणून ते कॉलम फिरवून बघावे लागले, फिरवले की त्या दिशेची स्टिफनेस (ताठरता) बदलली, टॉर्शन (बिल्डिंगला पीळ) आलं, मग लिफ्टभोवती शियर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) घालून बघितली. कॉलमचं वजन सातशे किलोन्यूटनने वाढलं, म्हणजे दोन टक्के. आणि बीममध्ये १६ चे तीन गज जिथे होते तिथे आता १२ चे सहा गज आले, कागदावर ते छान बसतात.

कागदावरच. आम्ही एका दुसऱ्या चालू साईटवर कॉलम-बीमचा जॉइंट बघायला गेलो, आमचं डिटेल ए-थ्रीवर काढून सोबत नेलं होतं. मुकादम काकांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, शेजारी ठेवलेली व्हायब्रेटरची (ओलं काँक्रीट हलवून बसवायच्या यंत्राची) ४० मिमीची नीडल उचलली आणि आमच्या कागदावर जॉइंटच्या वर धरली. म्हणाले, "ताई, एवढे गज, दोन्हीकडचे, वर रिंगा, ही नीडल मी खाली कुठून सोडू?" दोन्ही दिशांचे वरचे गज, कॉलमचे उभे गज आणि जवळ जवळ रिंगा, मध्ये बोट जाईल एवढीही फट नव्हती, तिथे काँक्रीट पोकळ राहणार हे त्यांना एका नजरेत दिसलं. आम्ही परत येऊन बीम २३० ऐवजी ३०० रुंद केला, गज दोन थरांत घेतले, नीडलला मधोमध ७५ मिमीची वाट ठेवली. आमच्या रिपोर्टमधलं ते एक पान मला सगळ्यात जास्त आवडतं. साईटला जाताना दिवाळीनंतरचे तीन आठवडे सोडून जा, बरेच लेबर गावी गेलेले असतात, स्लॅब टाकायची कामं बंद असतात.

जोडविषय मुख्य प्रश्नातूनच निघाले तर चांगले. आमचं वजन वाढलं होतं, म्हणून एकाने लाल विटेऐवजी एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घेऊन बघितले. १५० मिमीची विटांची भिंत, अडीच मीटर उंच, मीटरला साधारण साडेसात किलोन्यूटन, ब्लॉकची अडीच-पावणेतीन. मीटरमागे ५ वाचले, मजल्याला १५० मीटर भिंती, सात मजले, झाले ५,२५० किलोन्यूटन कमी, आणि चार टक्क्यांच्या हिशोबाने बेस शियर २१० ने उतरला. ब्लॉक उष्णता विटेपेक्षा बरीच कमी आत सोडतो, तिथून घर किती तापतं याचा हिशोब निघाला, २०१८ च्या इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे, तेवढ्यावर आमच्या पश्चिमेच्या फ्लॅटचं काय होतं ते मोजलं. दुसऱ्या मुलीने खर्च घेतला, पीडब्ल्यूडीची दरसूची उघडून काँक्रीट, स्टील, शटरिंग, भिंती यांचे आधीचे आणि नंतरचे क्वांटिटी काढले. खर्च काढताना बार बेंडिंग शेड्यूल (कुठला गज किती लांब, कसा वाकवायचा याची यादी) निदान एका मजल्याचं पूर्ण हाताने करा, ते एकदा केल्याशिवाय स्टीलचा आकडा खरा आहे की नाही ते कळत नाही. ब्लॉकचे तोटेही लिहा हां, काँक्रीटला लागून जिथे ब्लॉक येतो तिथे प्लास्टरला तडा जातो, जाळी मारावी लागते, आणि किचनचं जड कपाट लटकवायला साधा प्लग चालत नाही. फक्त फायदे लिहिलेला रिपोर्ट एक्सटर्नलना (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) लगेच ओळखू येतो.

आणि स्टिल्टचं विसरू नका. वर भिंती, खाली मोकळं पार्किंग, म्हणजे खालचा मजला लवचिक. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरपेक्षा लांब अहमदाबादमध्ये अशाच पार्किंगवर उभ्या असलेल्या बिल्डिंगा कोसळल्या. २०१६ च्या कोडमध्ये भिंतींऐवजी तिरपे स्ट्रट (दाब घेणाऱ्या तिरक्या दांड्या) मॉडेल करून स्टिल्ट तपासायची सोय आहे, ते करून बघा. साधी फ्रेम आणि स्ट्रटवाली फ्रेम यांचे ड्रिफ्ट एकाच ग्राफवर काढले की खालच्या मजल्याला रेषेचा जो कोपरा येतो ना, तो बघून सगळं समजतं.

रिपोर्ट, म्हणजे ज्याला मुंबईकडे ब्लॅक बुक म्हणतात, तो एप्रिलसाठी ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-तीन पानं लिहा, त्याच आठवड्यात केलेलं त्याच आठवड्यात. मॉडेलच्या फाईलच्या नावात तारीख टाका, "फायनल", "फायनल टू", "फायनल खरं" असल्या नावांनी मार्चमध्ये चौघांत भांडणं होतात. ड्राईव्हवर एक कॉपी, एका घरी हार्ड डिस्कवर एक कॉपी. गाईडना दाखवलेल्या प्रत्येक वेळेची नोंद डायरीत, सहीसकट. रिपोर्टमध्ये इटॅब्सची चारशे पानं आउटपुट म्हणून जोडू नका, कुणी वाचत नाही, त्याऐवजी जे आकडे वापरले तेवढ्याच टेबल आणि हाताचे हिशोब स्कॅन करून मागे लावा. थिअरी इंटरनेटवरून उचलली की प्लॅगॅरिझमला अडकते, आणि तशीही तुमच्या बिल्डिंगबद्दल लिहायला इतकं असतं की त्याची गरज पडत नाही.

प्रेझेंटेशनला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पहिल्या स्लाईडला बिल्डिंगचा फोटो आणि एक सेक्शन, दुसऱ्या स्लाईडला प्रश्न, मग थेट काय बदललं ते. आर्किटेक्टचा प्लॅन आणि तुमचा प्लॅन एकावर एक ठेवून वेगळ्या रंगात दाखवा, बोलणं निम्म्याने कमी होतं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे, "ते तिने केलंय सर" हे उत्तर देऊ नका, म्हणून मार्चअखेर एक दिवस बसून एकमेकांचे भाग अदलाबदल करून समजावून सांगा. आम्हाला एक्सटर्नलनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "एकूण वजन किती, आणि ते बरोबर आहे हे कशावरून?" मी तो हाताचा कागद पुढे केला, स्लॅब दोनदा मोजल्याची गोष्टही सांगितली, आणि पुढची दहा मिनिटं ते त्याच कागदावर बोलत होते.

व्हायवा झाला की सोसायटीला कॉपी द्यायला जा, ड्रॉइंग्ज परत करा. आम्ही रिपोर्टसोबत मराठीत एक पान लिहून दिलं होतं, स्टिल्टमधला कुठलाही कॉलम घासू, छाटू किंवा त्यात खाच पाडू नये, आणि गच्चीवर टाकी वाढवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारावं, एवढंच. चेअरमन काकांनी ते पान नोटीस बोर्डवर लावलं. परवा त्या बाजूला गेले होते तर ते अजून तिथेच आहे, काचेच्या आत, शाई जरा पुसट झालीये.